आधी गोळी सुटी करा, मग जनुके वाचा

टीबीची औषधे चालू असताना कावीळ होऊन कुणी दगावले, की आपल्याकडे चार दिवस वाद पेटतो. ठाणे-नवी मुंबईच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि एकदोन जाहीर चर्चांमध्येही अलीकडे या वादाला एक नवे वळण मिळाले आहे. एक बाजू म्हणते, औषध सुरू करण्याआधी प्रत्येक रुग्णाची जनुकीय चाचणी सक्तीची करा. २०२५ मध्ये सरकारने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली केली, मग टीबीच्या रुग्णाचे एक जनुक वाचायला काय हरकत आहे? दुसरी बाजू उसळून म्हणते, ज्याला दोन वेळा पोटभर जेवायला मिळत नाही त्याची कसली जनुके वाचता, त्याला आधी जेवू घाला. पहिल्यांना दुसरे मागासलेले वाटतात, दुसऱ्यांना पहिले लॅबवाल्यांचे दलाल वाटतात. मूळ प्रश्न मात्र आहे तिथेच पडून आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कुणाला कावीळ होणार याचे भाकीत म्हणून या चाचणीकडे पाहिले तर ती फसवी आहे. कुणाला किती मात्रा द्यावी हे ठरवण्याचे साधन म्हणून पाहिले तर ती खरोखर उपयोगाची आहे. पण आज आपल्या बहुतेक रुग्णांना चार औषधे एकत्र असलेली जी गोळी मिळते, तिच्यातल्या एकाच औषधाची मात्रा बदलताच येत नाही. मात्रा बदलता येत नसेल तर चाचणीचा कागद फाइलला लावण्यापलीकडे त्याचे काय करणार? म्हणून आधी गोळी सुटी करा, वजन आणि रक्त नीट बघा, आणि मग जनुके वाचा. तीही सरसकट सगळ्यांची नकोत. ज्यांच्या बाबतीत त्या कागदाने निर्णय बदलणार आहे, त्यांचीच वाचा.

थोडे मागे जाऊन विषय समजून घेऊ. टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. यातले शेवटचे सोडले तर तिन्ही यकृताला इजा करू शकतात. वेगवेगळ्या अभ्यासांत ही इजा २ ते २८ टक्के रुग्णांत आढळली आहे. आकड्यांची ही रेंज इतकी लांबरुंद असण्याचे कारण व्याख्यांत आहे, तसेच माणसांतही आहे. आयसोनियाझिडचा निचरा करण्याचे मुख्य काम यकृतातले एन-ॲसिटायलट्रान्सफरेज-२, थोडक्यात नॅट-२, हे विकर (एन्झाइम) करते. त्याचे जनुक आठव्या गुणसूत्रावर असते. काहींच्यात ते झपाट्याने काम करते, काहींच्यात रेंगाळते. जलद माणसाच्या रक्तात हे औषध तास-दीड तासात निम्म्यावर येते. मंद माणसाला त्यासाठी तीन तास किंवा त्याहून जास्त लागतात. शिवाय आयसोनियाझिड मोडताना ॲसिटाइल-हायड्राझिन नावाचा जो त्रासदायक पदार्थ तयार होतो, त्याला निरुपद्रवी करण्याचे कामही नॅट-२ कडेच असते. ते रेंगाळले की हा पदार्थ सीवायपी-२-ई-१ या दुसऱ्या विकराच्या तावडीत सापडतो आणि त्यातून यकृताच्या पेशी जाळणारी द्रव्ये बनतात. दारू या दुसऱ्या विकराला चेव आणते, ही त्यातली आणखी एक मेख.

हे सगळे नवे आहे असा समज करून दोन्ही बाजू भांडतात. आयसोनियाझिडचा निचरा आनुवंशिक असतो हे १९६० मध्येच सिद्ध झाले होते. मधल्या काळात, १९७० च्या दशकात, जलद माणसांनाच धोका जास्त असे अमेरिकेतले संशोधक सांगत होते. पुढे, विशेषतः २००२ मध्ये तैवानमधून आलेल्या अभ्यासानंतर, पारडे फिरले आणि मंद माणसांचा धोका जास्त यावर बऱ्यापैकी एकमत झाले. म्हणजे विज्ञान जिथे पोहोचले ते एकदा उलट्या दिशेने चालून मग पोहोचले. चाचणी सक्तीची करा म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तरीही त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य केला पाहिजे, आणि तो जपानमधून येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत १७२ रुग्ण घेतले होते. काहींना नेहमीची मात्रा, म्हणजे दर किलोमागे ५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड. बाकीच्यांना जनुक पाहून मात्रा: मंदांना अडीच, मधल्यांना पाच, जलदांना साडेसात. नेहमीची मात्रा घेतलेल्या मंद रुग्णांपैकी ७८ टक्क्यांना यकृताची इजा झाली. जनुक पाहून मात्रा कमी केलेल्या मंद रुग्णांत ती एकालाही झाली नाही. मंद रुग्णांची संख्या छोटी होती हे खरे, पण इतका ढळढळीत फरक नशिबाने पडत नाही. याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष आपल्या वादात कुणी उच्चारतही नाही. जलद रुग्णांत नेहमीच्या मात्रेवर सुरुवातीलाच उपचार अपुरे पडण्याचे प्रमाण ३८ टक्के होते. मात्रा वाढवल्यावर ते १५ वर आले. म्हणजे ज्यांचे यकृत ठणठणीत राहते, त्यांच्यातल्या काहींना औषध कमी पडत असते.

मग जपानने केले तसे आपण उद्यापासून का करू नये?

कारण जपान म्हणजे ठाणे नव्हे, आणि हे मी गरिबीबद्दल बोलत नाही. जपानी लोकांत मंद माणसे साधारण दहात एक. भारतात ती निम्म्याहून जास्त आहेत, बऱ्याच गटांत साठ टक्क्यांच्या आसपास. तिथे मंद माणूस हा अपवाद आहे, त्याला शोधून बाजूला काढणे शहाणपणाचे. इथे तोच नियम आहे. समजा हजार रुग्ण घेतले आणि त्यातले सहाशे मंद निघाले. समजा मंदांत शंभरी दहा जणांना इजा होते आणि उरलेल्यांत शंभरी चार जणांना. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. चाचणीने ‘धोक्याचे’ म्हणून शिक्का मारलेल्या सहाशेंपैकी पाचशे चाळीस जणांना काहीही होणार नाही. ‘सुरक्षित’ ठरलेल्या चारशेंपैकी सोळा जणांना मात्र होईल, आणि रिपोर्ट चांगला आला होता या भरवशावर ते मळमळ अंगावर काढत बसतील. निम्म्याहून जास्त जनतेला धोक्याचा कंदील दाखवणाऱ्या चाचणीला भाकीत म्हणायचे?

या ठिकाणी एचआयव्हीच्या अबॅकाव्हिर या औषधाचा दाखला नेहमी दिला जातो. ते औषध देण्याआधी एचएलए-बी ५७:०१ हा जनुकप्रकार आहे का हे तपासतात. २००८ मधल्या मोठ्या चाचणीत, ज्यांच्यात तो नव्हता त्यांना खात्रीशीर ॲलर्जी एकालाही झाली नाही. दाखला खरा आहे, पण लागू पडत नाही. तो जनुकप्रकार थोड्यांतच असतो, त्याच्याशिवाय ती ॲलर्जी जवळपास होतच नाही, आणि अबॅकाव्हिरऐवजी द्यायला दुसरी औषधे तयार असतात. नॅट-२ च्या बाबतीत यातली एकही अट पुरी होत नाही. पायराझिनामाइडमुळे होणाऱ्या इजेशी तर नॅट-२ चा संबंधही नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ‘आधी जेवू घाला’ ही घोषणा वाटली तरी तिच्यामागे पुरावा आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना नियमित शिधा दिला, तर घरात नवा टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेची महिन्याची रक्कम २०२४ च्या अखेरीस पाचशेवरून हजारावर गेली, ती उगाच नाही. आणि यकृताचा उपासमारीशी संबंध आहेच. २००२ मध्येच दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी टीबीच्या औषधांनी यकृताला इजा झालेले रुग्ण आणि न झालेले रुग्ण शेजारीशेजारी ठेवून पाहिले होते. त्यांना एचएलएचे दोन जनुकप्रकार महत्त्वाचे वाटले, आणि त्याच यादीत जास्त वय, जास्त पसरलेला आजार आणि रक्तातले अल्ब्युमिन, म्हणजे कुपोषणात घटणारे प्रथिन, ३.५ पेक्षा कमी असणे हेही होते. जनुक आणि भूक एकाच तक्त्यात होती. आपल्या वादात ती एकमेकांचे वैरी कशी झाली, हे मला कळत नाही. मंद नॅट-२ असलेली, हाडे वर आलेली बाई ही एकच बाई असते. तिच्या यकृताला कुणाची बाजू घ्यायची नसते.

मी फार्मसीचा माणूस. ठाण्यात बरीच वर्षे काउंटरमागे काढली, म्हणून माझे लक्ष आधी पाकिटाकडे जाते. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून रोजच्या रोज घ्यायची चार-औषधी गोळी आली. एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. किती गोळ्या द्यायच्या ते वजनाच्या पट्ट्यावरून ठरते: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, त्यापुढे पाच-सहा. आता जरा हिशेब करा. ४९ किलोच्या माणसाला तीन गोळ्यांतून आयसोनियाझिड दर किलोमागे ४.६ मिलिग्रॅम मिळते. ३५ किलोच्या माणसाला त्याच तीन गोळ्यांतून ६.४. पायराझिनामाइडचे तर ४९ किलोला साडेचोवीस आणि ३५ किलोला चौतीस मिलिग्रॅम होते. शिफारस केलेली मर्यादा आयसोनियाझिडसाठी ४ ते ६ आणि पायराझिनामाइडसाठी २० ते ३० आहे. म्हणजे पट्ट्याच्या तळाशी असलेला, सर्वांत खंगलेला माणूस दोन्ही औषधांची मर्यादा ओलांडतो. तो मंद निघाला तर हे सहा पूर्णांक चार त्याच्या रक्तात जास्त वेळ रेंगाळणार. जपान्यांनी मंदांना दिले होते अडीच.

एवढे समजायला जनुकांची गरज नाही, वजनकाटा पुरतो. फक्त तो काटा बरोबर हवा आणि बाई चप्पल, पर्स आणि कडेवरचे मूल घेऊन त्यावर उभी राहायला नको.

एकत्र गोळीचे समर्थकही मूर्ख नाहीत, त्यांची बाजू ऐकायलाच हवी. सुट्या गोळ्या दिल्या की रुग्ण त्यातली मळमळवणारी नेमकी टाकतो, उरलेली घेतो आणि जंतू औषधाला सरावतो. मुंबई महानगर पट्ट्यात प्रतिरोधक टीबीने किती घरे उद्ध्वस्त केली आहेत, ते वेगळे सांगायला नको. एकत्र गोळीने ही निवड रुग्णाच्या हातातून काढून घेतली, मोजदाद सोपी झाली, पुरवठा सोपा झाला. बहुसंख्य रुग्णांसाठी ती तशीच राहावी, असेच माझेही मत आहे. पण ‘बहुसंख्य’ आणि ‘सगळे’ यांच्यामध्ये जे उरतात त्यांचे काय? सुट्या गोळ्या कार्यक्रमात नसतातच असे नाही. त्या अपवाद म्हणून असतात, आणि अपवाद नेहमी वरच्या पायरीवर ठेवलेला असतो. रुग्ण दिघ्याला, गोळी भलतीकडे. २०२४ च्या सुरुवातीला तर नेहमीच्याच एकत्र गोळ्यांचा तुटवडा पडून राज्यांना स्थानिक खरेदीची मुभा द्यावी लागली होती. अशा पुरवठ्याच्या जोरावर आपण प्रत्येकाला जनुकानुसार मात्रा देऊ, हे सांगणाऱ्याने आधी औषध भांडाराचे रजिस्टर उघडून पाहावे.

आपल्याच इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे आणि त्याचा विसर पडल्यासारखे आपण वागतो. मद्रासला १९५६ मध्ये टीबीच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियमइतकेच परिणामकारक ठरतात हे १९५९ मध्ये त्यांनीच जगाला दाखवले. त्याच केंद्राने कोणता रुग्ण आयसोनियाझिड जलद संपवतो आणि कोणता सावकाश, हे मोजून पाहिले. आठवड्यातून एकदाच औषध दिले तर जलद रुग्णांत ते कमी पडते, असे त्यांना दिसले. हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येण्याचा त्रास मंद रुग्णांना जास्त होतो, हेही दिसले. मग त्यांनी काय केले? प्रत्येक रुग्णाच्या कपाळावर जलद किंवा मंद असा शिक्का मारा, अशी शिफारस केली का? नाही. बधिरपणावर बी-६ जीवनसत्त्व आहे, ते स्वस्त आहे, ते जोडीला देता येते. आठवड्यातून एकदाची पद्धत जलदांना पुरत नाही, तर ती पद्धतच बाजूला ठेवा. जनुकांचे ज्ञान त्यांनी उपचाराची पद्धत दुरुस्त करायला वापरले, माणसे वेगळी काढायला नव्हे. साठ वर्षांनंतर आपल्याकडे साधने शंभर पटींनी वाढली आहेत. हा विवेक मात्र मध्येच कुठेतरी गळून पडलेला दिसतो.

त्याच धर्तीवर आज विचारायचा प्रश्न असा: निम्म्याहून जास्त जनता मंद असलेल्या देशात, पट्ट्याच्या तळाशी असलेल्या रुग्णाला ६.४ मिलिग्रॅम देणारे कोष्टक बरोबर आहे का? हा प्रश्न संशोधनाचा आहे, धोरणाचा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले तर एकाही रुग्णाची स्वतंत्र चाचणी न करता लाखोंना फायदा होईल.

आता यकृताच्या इजेने माणसे नेमकी कशी दगावतात ते जवळून बघू, कारण या वादात त्याबद्दल कुणी बोलत नाही. इजा बहुधा पहिल्या दोन महिन्यांत होते. डोळे पिवळे होण्याआधी काही दिवस भूक मरते, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. त्या वेळी गोळ्या थांबवल्या तर बहुतेक यकृते सावरतात. कावीळ दिसू लागेपर्यंत गोळ्या चालू राहिल्या, तर खेळ जीवावरचा होतो. औषधाने यकृताच्या पेशी मरून कावीळ झालेल्यांत दहातला एक जण दगावतो, हा औषधशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे हाताशी असतात ते थोडे दिवस. त्या दिवसांत आपल्याकडे काय होते? एका हातात टीबीच्या गोळ्यांची पिशवी आणि दुसऱ्या हाताने खिशातले सुटे पैसे चाचपत माणूस काउंटरवर येतो आणि म्हणतो, ‘पित्ताची गोळी द्या, सकाळपासून उलटी आल्यासारखं होतंय.’ काउंटरवरचा पोरगा पॅन्टोप्राझोलची पट्टी कापून देतो. कुणाची चूक? टीबीच्या औषधांनी नुसती मळमळही होते, आणि ती पित्ताच्या गोळीने शमतेही. फरक ओळखायला कुणीतरी दोन प्रश्न विचारायला हवेत: जेवण जाते का, आणि लघवीचा रंग कसा आहे.

आणि इथेच एक विचित्र सापळा आहे. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असते, लघवी लाल होईल, घाबरू नका. हा सल्ला योग्यच आहे, नाहीतर माणूस रक्त जाते आहे असे समजून गोळ्या टाकून देईल. पण काविळीची पहिली ठळक खूणही लघवीचा रंग गडद होणे हीच असते. आपण रुग्णाच्या हातातली धोक्याची घंटा काढून घेतो आणि तिच्या बदल्यात दुसरी देत नाही. खरे तर एक वाक्य पुरे होते: गोळीनंतरच्या काही तासांत लाल दिसली तर ठीक, पण दिवसभर चहासारखी काळपट होत असेल, जेवणाचा वासही नको वाटत असेल, तर त्या दिवशीची गोळी घेऊ नका आणि तडक या.

डोळे पिवळे झाल्यावर तरी माणूस टीबीच्या डॉक्टरकडे जातो का? पुष्कळदा तो काविळीच्या औषधवाल्याकडे जातो. डोक्यावर माळ ठेवतात, ती दिवसागणिक लांब होत छातीपर्यंत उतरते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरली असे समजतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, ते पाहून घरच्यांना हायसे वाटते. साध्या संसर्गजन्य काविळीत यकृत आपोआप बरे होते, त्यामुळे माळेला यश मिळत आले आहे. टीबीच्या गोळ्यांच्या काविळीत मात्र एकीकडे माळ लांब होते आणि दुसरीकडे रोज सकाळी त्याच तीन-चार गोळ्या पोटात जात राहतात. जनुकीय चाचणीचा रिपोर्ट यातल्या कुठल्या पायरीवर उपयोगी पडला असता?

कुणी म्हणेल, ही फक्त जागरूकतेची भाबडी बडबड आहे, नुसते प्रश्न विचारून यकृते वाचत नाहीत. आकडे वेगळे सांगतात. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल परिसरात टीबीचा प्रादुर्भाव झाल्यावर २,३२१ जणांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड दिले गेले. ही माणसे आजारी नव्हती. त्यातल्या १९ जणांना यकृताचा विकार झाला, दोघे मरण पावले. त्या धक्क्यानंतर तिथे नियम आला: एका वेळी महिन्याच्याच गोळ्या द्या, दर महिन्याला लक्षणे विचारा आणि त्रास झाला की गोळी बंद करून लगेच कळवा, हे बजावा. पुढे सिएटलच्या सार्वजनिक दवाखान्यात याच रीतीने सात वर्षांत ११,१४१ जणांना आयसोनियाझिड दिले गेले, त्यात यकृताची इजा झाली ११ जणांना. व्याख्या वेगळ्या, वयोगट वेगळे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून थेट भागाकार करू नये, हे मलाही कळते. पण या काळात कुणाचे जनुक वाचले गेले नव्हते. विचारपूस काटेकोर झाली होती, एवढेच.

मग सर्वांची दर पंधरा दिवसांनी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करावी का? यावरही भाबडेपणा नको. आयसोनियाझिड घेणाऱ्या शंभरातल्या दहा-वीस जणांचे एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारे रक्तातले विकर, थोडे वाढते आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप खाली येते. लॅबच्या कागदावर ठळक अक्षरात ९० छापून आले की घाबरून गोळ्या बंद करणारे डॉक्टर आपल्याकडे कमी नाहीत. अर्धवट सोडलेला टीबी कावीळ झालेल्या यकृताइतकाच जीवघेणा असतो. औषधे नव्हती त्या काळात थुंकीत जंतू सापडणारे निम्मे रुग्ण पाच वर्षांत जात. म्हणूनच एसजीपीटी नेहमीच्या कमाल पातळीच्या, लक्षणे असतील तर तिप्पट आणि लक्षणे नसतील तर पाचपट झाले की गोळ्या थांबवायच्या, ही मर्यादा ठरलेली आहे. अमेरिकेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वेही सुरुवातीची तपासणी सर्वांची आणि पुढच्या तपासण्या जोखमीच्या रुग्णांच्याच करायला सांगतात. दारू पिणारे, हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले, एचआयव्ही असलेले, वयस्कर आणि पट्ट्याच्या तळाशी असलेले खंगलेले रुग्ण: यांची दोन-चार आठवड्यांनी एलएफटी केली, तरी मोठा फरक पडेल. तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणारा माथाडी रक्त द्यायला एक दिवसाची मजुरी बुडवणार नाही, हे गृहीत धरून ती तपासणी गोळ्या मिळतात तिथेच आणि त्याच वेळी व्हायला हवी. आज कित्येकांना गोळी फुकट मिळते, पण ती आपल्याला झेपते आहे का हे कळायला खासगी लॅबमध्ये पदरचे पैसे मोजावे लागतात.

हे सगळे म्हटल्यावर, जनुके नकोतच असे माझे म्हणणे आहे असा ग्रह करून घेऊ नये. दोन ठिकाणी मला ती आजच हवी आहेत.

पहिले ठिकाण: ज्याला एकदा इजा झाली आहे. त्याच्या सगळ्या गोळ्या थांबवतात, यकृत सावरू देतात आणि मग एकेक औषध पुन्हा सुरू करतात. आता सुट्या गोळ्या हातात आहेतच, डॉक्टरही विचार करायला बसलेला आहे. हा रुग्ण मंद आहे असे या वेळी कळले, तर आयसोनियाझिड कमी मात्रेत सुरू करता येईल. जलद असेल तर संशय पायराझिनामाइडकडे वळवता येईल. एका कागदाने निर्णय बदलतो. दुसरे ठिकाण: रुग्णाच्या घरातली निरोगी माणसे, ज्यांना आता प्रतिबंधक गोळ्या देतात. आजारी माणूस थोडा धोका पत्करतो कारण समोर मृत्यू असतो. निरोगी माणसाने तो का पत्करावा? त्यातही आधी पर्याय बघावा. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन देण्याच्या पद्धतीत यकृताची इजा ०.४ टक्के आणि नऊ महिने रोज आयसोनियाझिड देण्यात २.७ टक्के, असे २०११ च्या मोठ्या चाचणीत दिसले होते. हा पर्याय ज्यांना देता येत नाही आणि ज्यांना महिनोन्‌महिने रोजचे आयसोनियाझिड घ्यावे लागणार आहे, त्यांचे नॅट-२ जरूर पाहावे. त्याला वेगळी प्रयोगशाळाही लागू नये. थुंकीत टीबी शोधणाऱ्या सीबीनॅटच्या यंत्रावरच नॅट-२ वाचणारे कार्ट्रिज संशोधकांनी प्रायोगिक स्वरूपात तयार केले आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्षही प्रसिद्ध केले. बाजारात ते कधी येईल हा मागणीचा प्रश्न आहे, आणि मागणी कुणी करायची तर भारतानेच.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांना हे जमण्यासारखे आहे. इथे झोपडपट्टी आहे, एमआयडीसी आहे, बाजार समिती आहे, खासगी डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, आणि यकृताचे तज्ज्ञ लोकलच्या अंतरावर आहेत. दोन्ही शहरांनी एक वर्ष असे काढावे की पट्ट्याच्या तळाशी असलेल्या प्रत्येक रुग्णाची मात्रा किलोमागे मोजून फाइलवर लिहिली जाईल, जोखमीच्या रुग्णाचे रक्त गोळ्या देतानाच घेतले जाईल आणि आयसोनियाझिडच्या सुट्या गोळ्या आठवडाभरात नव्हे, त्याच दिवशी मिळतील. त्यातल्या काही रुग्णांचे नॅट-२, त्यांची संमती घेऊन आणि नाव झाकून, अभ्यासासाठी वाचावे, म्हणजे वजनाचे कोष्टक आपल्या माणसांना बसते का ते कळेल. आणि हा अभ्यास करताना जलद निघालेल्यांची दोन महिन्यांनंतरची थुंकीही तपासावी. यकृतावरून चाललेल्या या भांडणात त्यांचे नाव अजून कुणी घेतलेले नाही.